दोघींना आलेला फोन

शिरगावच्या उत्तरेला, खाडी समुद्राला मिळते तिथे, एक छोटी मच्छीमार वाडी आहे. मंजुळा आणि नर्मदा या दोघी जावा तिथल्या. त्या दिवशी सकाळपासून दोघी वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील टांगत होत्या. नर्मदा दोन बोंबील उचलायची, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायची आणि जोडी मंजुळाच्या हातात द्यायची. मंजुळा उंच, म्हणून वरची दोरी तिची. मंजुळाचा नवरा प्रफुल्ल वारल्यापासून दोघींची वलांडी एकच होती, चूल मात्र वेगळी.

दुपारी दोघी घरी गेल्यावर आधी नर्मदाचा फोन वाजला, मग मंजुळाचा. पलीकडून बोलत होत्या पालघरच्या दवाखान्यातल्या दीपाली सिस्टर. मागे वाडीत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं, त्यात दोघींनीही नमुने दिले होते. सिस्टरांनी दोघींना एकच सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाशी एचपीव्ही नावाचा विषाणू सापडलाय, तो बहुतेक नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. हा कॅन्सर नाही. पण दुर्लक्ष केलं तर पुढे होऊ शकतो, म्हणून पालघरला येऊन दाखवून घ्या.

नर्मदाने फोन ठेवला. ओसरीवर तिचा नवरा पुंडलिक जाळं शिवत बसला होता. मनात शब्द जुळवून, त्याला सांगायला म्हणून ती बाहेर आली आणि तेवढ्यात मंजुळाच दारात उभी राहिली.

"नर्मदाबाय, सिस्टरचा फोन आलेला. मला कसला विषाणू हाय म्हणतात. पालघरला बोलावलंय. तू येशील काय सोबत?"

"कसला विषाणू?" पुंडलिकने मान वर न करता विचारलं.

मंजुळाने ऐकलं तसं सांगितलं. तो बहुतेक नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, हेही सांगून टाकलं. लाजण्यासारखं तिने काही केलं नव्हतं, मग लपवायचं कशाला?

पुंडलिकचा हात थांबला. "प्रफुल्ल जाऊन नऊ वर्षं झाली. मग हे तू कुठून आणलं?"

मंजुळाला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिने जावेकडे पाहिलं. नर्मदा खाली बघत होती. तिच्या पदराखालच्या मुठीत फोन अजून गरम होता. त्या क्षणी तिने 'मला पण' एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण नवऱ्याचा तो प्रश्न तिने ऐकला होता आणि दुसरा नंबर आपलाच लागणार हेही तिला दिसलं होतं.

"मला वेळ नाय," नर्मदा म्हणाली.

भिंतीवर हार घातलेला प्रफुल्लचा फोटो होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. पुंडलिक स्वतः वर्षातले कितीतरी महिने गुजरातच्या बंदरांवर बोटीत काढायचा. त्यालाही कोणी विचारलं नाही, आणि विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे असे प्रश्न फक्त लुगड्याला विचारतात.

दुसऱ्या दिवशी नर्मदाने आपले बोंबील उतरवून दूरच्या दोरीवर नेले. कोणी कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं. थोडं जास्तच सांगितलं, कारण भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याकडे बोट दाखवल्यावर जरा बरं वाटतं. मग बाकीच्यांनीही जागा बदलल्या. मंजुळाच्या हाताची मासळी खाल्ली तर रोग लागतो, असं ठरलं. बाजाराच्या टेम्पोत तिच्या टोपलीला जागा मिळेना. ती रिक्षाने बोईसरला जाऊन कामगारांच्या चाळींपुढे बसू लागली. तिथल्या गिऱ्हाइकांना वाडीची बातमी नव्हती, त्यांना सुका बोंबील हवा होता.

पालघरला ती एकटीच गेली. दीपाली सिस्टरांना तिने पुंडलिकचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "कधी आला, कोणाकडून आला, हे सांगणारी तपासणीच नाही. बहुतेकींचा आपोआप जातो. मासळीतून, ताटातून, हात लावून हा रोग पसरत नाही."

डॉक्टरांनी तपासलं, सुरुवातीचा डाग होता तो तिथेच गरम उपकरणाने शेकून काढला. थोडं पोटात दुखलं. संध्याकाळी ती घरी येऊन भात रांधत होती. एवढ्याशा उपचारासाठी तिची अब्रू गेली, आणि जिची अब्रू शाबूत होती ती उपचाराला गेलीच नाही.

सिस्टरांचे फोन नर्मदा उचलेनाशी झाली. हिनाच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या शाळेत याच रोगाची लस द्यायचं ठरलं, तेव्हा नर्मदाने तिला घरी बसवून ठेवलं. "लग्नाआधी असली सुई घेतली तर लोक काय म्हणतील?" पुंडलिकलाही ते पटलं.

दोन वर्षांनी नर्मदाच्या अंगावरून जायला लागलं. तिने केळव्याच्या देवीला नवस बोलला, मनोरच्या एका वैदूच्या पुड्या घेतल्या आणि कपडे पहाटे सगळ्यांच्या आधी धुतले. एकदा विहिरीवरच तिला चक्कर आली. मंजुळाने तिला उठवून बसवलं, बादलीतलं लाल पाणी पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"कधीपासून?"

नर्मदा रडायला लागली. "तुला फोन आला ना, त्याच दिवशी मला पण आलेला. तुज्या आधी."

मंजुळाला राग आला होता, आणि तो आला हे लिहायला मला संकोच वाटत नाही. टोपली घेऊन फिरण्यात गेलेले ते सगळे दिवस तिला आठवले. मग तिने जावेचा कपडा पिळून दोरीवर टाकला आणि तिला रिक्षात घातलं.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात सांगितलं, कॅन्सर पसरलाय, उशीर झाला. शेवटच्या दिवसांत मंजुळाच तिचं सगळं करत होती. नर्मदाने तिचा हात धरला आणि म्हणाली, "पोटात गोळा झालेला, असं सांग लोकांना."

"नाय सांगणार," मंजुळा म्हणाली. "तुजी सगळी सेवा करीन. हे नाय करणार."

नर्मदाने तोंड फिरवलं. हात मात्र सोडला नाही.

बाराव्याला मांडव भरला होता. पुंडलिक आलेल्यांना सांगत होता, "पोटात गोळा झाला. नशीब."

"गोळा नाय," मंजुळा उठून म्हणाली. "मला झालेलं तेच तिला होतं. मी दवाखान्यात गेली, म्हणून उभी हाय. ती तुमाला भ्याली, म्हणून गेली नाय."

एका म्हातारीने, मेलेल्या बाईची अब्रू काढली, म्हणून कपाळावर हात मारला. आणि मग हिना पुढे आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"काकी, मला ती सुई घ्यायची हाय. उद्या येशील काय सोबत?"

काही वर्षांपूर्वी मंजुळानेही हिच्या आईला हेच विचारलं होतं, याच दारात.

"येते," मंजुळा म्हणाली.

पुंडलिक उठला आणि पोरीच्या आड आला. "उद्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील, ही सुई कशाला घेतली. तेव्हा काय सांगशील?"

"विचारू दे," मंजुळा म्हणाली. "उत्तर द्यायला पोरगी जित्ती असंल."