अठ्ठावन्न किलो बटाटे आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी साइडकार आहे. फटफटीच्या डाव्या अंगाला जोडलेली, एका चाकाची, एका माणसाची बैठक. मला पाहून लोक रस्त्यात थांबतात आणि 'वा, काय झोकात आहे!' म्हणतात. असं कोणी म्हटलं की मी आधी त्याच्या हातात पाना आहे का ते बघते. मला फटफटीपासून वेगळं करायला चार बोल्ट सोडवले की पुरे. ज्याचा संसार चार बोल्टांवर उभा आहे, त्याने भोळं राहून चालत नाही.

माझा जन्म बासष्ट साली नाना पेठेतल्या अमीन मिस्त्रींच्या दुकानात झाला. चेपलेले मडगार्ड ठोकून सरळ करायचे, हा अमीनभाईंचा धंदा. त्यांचं नवीन लग्न झालं होतं आणि नूरबानूबाई फटफटीच्या मागच्या सीटवर बसायला तयार नव्हत्या. त्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. "मुलींच्या देखत तुमच्या पाठीला चिकटून मी उतरणार नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. (घरात ते दोघं आपल्या बोलीत बोलत. मी तुम्हाला मराठीतून सांगते.) मग अमीनभाईंनी तीन महिने खपून मला घडवलं. पत्रा स्वतः ठोकला, स्प्रिंगा स्वतः बसवल्या.

माझ्यासह गाडी चालवणं सोपं नाही. वेग वाढवला की मी मागे ओढते आणि गाडी डावीकडे जाते. ब्रेक दाबला की मी पुढे धावते आणि गाडी उजवीकडे जाते. डावीकडे वळताना मी रिकामी असले, तर माझं चाक चक्क हवेत उचललं जातं. म्हणून बाई नसल्या की अमीनभाई सीटवर वाळूचं पोतं ठेवत. ते पोतं मला कधीच आवडलं नाही. आज वाळू ठेवतो तो उद्या काहीही ठेवील.

वीस वर्षं बाई रोज माझ्यातून शाळेत गेल्या. फाटकात मुली मला हात लावायला धावत. गल्लीतले नवरदेव मला वरातीसाठी मागून नेत. एकाने माझ्यात बसल्याबसल्या पानाची पिंक टाकली, तेव्हापासून मी नवरदेवांनाही ओळखून आहे. पण बाई बसल्या की मी निवांत असे. त्या बसल्यावर दोनदा माझ्या कडेवर थोपटत आणि मग "चला" म्हणत.

पुढे बाईंचा उजवा डोळा काचबिंदूने गेला. डाव्यात मोतीबिंदू वाढला. मुलींच्या वह्या त्या नाकाला लावून तपासू लागल्या. शेवटी कॅम्पातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. ऑपरेशन होतं ते उरलेल्या एकाच डोळ्याचं. अमीनभाईंनी बाईंना दवाखान्यात सोडलं आणि आम्ही वाळूचं पोतं घेऊन परत आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी मंडईत गेली. तिथे श्रीधरशेठ बटाट्याचे व्यापारी. त्यांची माझ्यावर फार दिवसांची नजर होती.

"श्रीधरशेठ, अठ्ठावन्न किलो बटाटे द्या."

"पोतं पन्नासाचं असतं, अमीनभाई. पुढचे आठ काय लग्नात अक्षता म्हणून टाकायचेत?"

"वेगळ्या पिशवीत द्या. पण वजन बरोबर हवं. चार दिवसांनी परत आणतो."

"भाड्याने बटाटे न्यायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक," शेठ म्हणाले. त्यांनी माझ्या सीटवर पोतं टाकलं, मला एक चापट मारली आणि म्हणाले, "बसतंय की छान! ही मलाच देऊन टाका."

अमीनभाई नुसते हसले.  बाई तिकडे खाटेवर पडल्यात आणि हा माणूस त्यांची जागा बटाट्यांना देतोय! त्यांचा डोळा वाचणार नाही, असं याने धरूनच ठेवलं की काय?

पुढचे चार दिवस अमीनभाईंनी जे चाळे केले ते ऐका. पोत्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पोत्याला तहान लागते का? मग मंडईतून कॅम्प, दवाखान्याचं फाटक, तिथून वळून क्वार्टर गेटवरून गंज पेठेत घर. बैलगाडी पुढे जाईल इतक्या हळू. पाणी सांडलं की उतरायचं, माझी स्प्रिंग चाचपायची, चाकातली थोडी हवा सोडायची. क्वार्टर गेटपाशी एका खड्ड्यात त्यांनी विटांचे तुकडे आणून भरले. रस्ता काय यांच्या मालकीचा होता? मला वाटलं, दवाखान्याला बटाटे पुरवायचं काम मिळालं असणार. मी आता मालगाडी झाले.

पाचव्या दिवशी पन्नासाचं पोतं मंडईत परत गेलं. आठ किलोंची पिशवी पायाशी राहून गेली होती. गाडी पुन्हा दवाखान्याच्या फाटकात थांबली. तुळजाबाई नावाच्या आयाने नूरबानूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. डोळ्यांवर पट्टी होती.

"ह्या पाळण्यातून नेता व्हय बाईला?" तुळजाबाई ओरडल्या. "डोळ्याला धक्का लागला तर टाका निसटंल, असं डाक्टर म्हणाल्यात!"

"चार दिवस याच रस्त्याने हिच्या वजनाचे बटाटे नेतोय," अमीनभाई म्हणाले. "काल पाण्याचा थेंब सांडला नाही."

मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

अमीनभाईंनी बाईंना दोन्ही हातांवर उचलून सीटवर ठेवलं आणि ते थबकले. पत्र्याचं वजन हाताने सांगणारा माणूस तो. दवाखान्यात बाई वाळल्या होत्या, आणि माझ्या स्प्रिंगा तर अठ्ठावन्न किलोंवर बेतलेल्या. हलक्या अंगाने मी उसळले असते. त्यांनी बटाट्यांची पिशवी बाईंच्या पायाशी नीट सरकवली.

"हे काय ठेवलंत?"

"तुझंच उरलेलं वजन."

बाईंनी हसू दाबलं, माझ्या कडेवर दोनदा थोपटलं आणि "चला" म्हणाल्या. त्या दिवशी मी जिवाच्या कराराने सरळ चालले. मी किंचितही उसळले नाही.

दीड महिन्याने जाड भिंगांचा चष्मा आला. दिसेल की नाही, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई चष्मा लावून भिंतीला धरत अंगणात आल्या. अमीनभाई मागे उभे. बाई माझ्यापाशी आल्या, वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"इथे गंज धरलाय," त्या म्हणाल्या. "आणि हा बघा, इथेही. मी नव्हते तर एक फडकं मारायला तुमचे हात मोडले होते का?"

 अमीनभाई पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

तर मित्रांनो, दाराशी उभ्या असलेल्या जुन्या गाडीला अधूनमधून फडकं मारा, तिचे बोल्ट आवळा. आणि तिच्यावरचा गंज पाहून तुमच्यावर ओरडणारं माणूस घरात असेल, तर त्याला फार जपा.