उत्तरार्धात आवाज बसला

समीक्षकाला बसवत नसे. मैफलीत तो कडेची खुर्ची धरायचा, तीही दाराजवळची, आणि गाणं ऐन रंगात आलं की त्याचा एक पाय वाटेत हलत असायचा. लोकांना वाटे, ताल धरलाय. बायकोला ठाऊक होतं, निघायची तयारी आहे.

शुक्रवारी त्याचं परीक्षण छापून आलं की दुपारपर्यंत वाचकांच्या ईमेल यायच्या. स्तुतीच्या तो नुसत्या वाचायचा. न पटलेल्यांना मात्र जातीनं उत्तर. सुरुवातीला आभार, मध्ये वाचकाच्या रसिकतेचं कौतुक, आणि शेवटच्या ओळीत त्याचे कान उपटलेले. कुणाचाही टोला अंगावर ठेवायचा नाही, असा खाक्या.

"अहो, इतकी पत्रं लग्नाआधी मला लिहिली असतीत तर," बायको म्हणायची.

"तुझा कधी मतभेदच नव्हता."

"तेव्हा नव्हता."

या खेपेला परीक्षण होतं बाईंच्या गाण्याचं. बाई साठी ओलांडलेल्या, नाव मोठं, आणि बऱ्याच दिवसांनी जाहीर गायल्या होत्या. पूर्वार्धाबद्दल त्यानं भरभरून लिहिलं. मग एक ओळ टाकली: 'उत्तरार्धात मात्र आवाज बसला.'

अडचण एवढीच, की उत्तरार्धाला हा गृहस्थ नव्हताच. मध्यंतरात त्यानं चहा घेतला, कपाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि सरळ घर गाठलं. बाकीचं अंदाजानं. वय झालंय, सभागृहात गारठा होता, पूर्वार्ध लांबला होता. सगळ्याची बेरीज करून त्यानं आवाज बसवून टाकला. नुसती स्तुती छापली तर समीक्षक कसला?

एका दाताच्या डॉक्टरांची ईमेल आली: 'उत्तरार्धातच बाई खऱ्या खुलल्या. आपण कुठे होता?' यानं ठरल्या साच्यात उत्तर धाडलं. शेवटची ओळ: 'भक्तीनं कान भरले की सूर आत शिरत नाही.'

डॉक्टर थेट कचेरीत हजर झाले.

"बसा ना," समीक्षक उभ्याउभ्याच म्हणाला.

"बसतो. तेवढं मला जमतं." डॉक्टर ऐसपैस बसले. "मी तुमच्या मागच्या रांगेत होतो. मध्यंतरानंतर तुमच्या खुर्चीवर माझा कोट होता. परीक्षण त्यानं लिहिलंय का?"

शेजारी खेळाचं पान लावणाऱ्याचे हात थांबले. समीक्षक खिडकीपर्यंत गेला आणि परत येईस्तोवर त्याला वाट सापडली होती.

"डॉक्टर, 'बसला'चा अर्थ तुम्ही कुठला घेतलात?"

"घसा बसतो, तो."

"तिथंच घोळ झाला. घडी बसते, जम बसतो, हात बसतो. तसा आवाज बसला. अगदी जागच्या जागी. दाद होती हो ती."

"आणि 'मात्र'?"

"मात्र म्हणजे... पूर्वार्धाच्या मानानं."

काढायचा की ठेवायचा, हे न ठरलेल्या दाताकडे पाहावं तसं डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "मग तसं छापा. बाईंचं नाव राहू दे, मी कोट विसरतो."

खुलासा छापला. वाचक खूश. वाद घालणारी एकही ईमेल आली नाही, त्यामुळे हा दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात फोन आला. बाईंचा.

"दोन्ही वाचलं. त्यातलं खरं कुठलं?"

"खुलासा दिलाय ना, बाई."

"म्हणून तर विचारते. त्या दिवशी मध्यंतरानंतर गळ्यात काहीतरी अडत होतं. साथीदार म्हणतात छान, सून म्हणते छान, ते दातवाले तर रडले. तुम्ही एकट्यांनी लिहिलंत. म्हटलं, चला, मला भास झालेला नाही. घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मग तुमचा खुलासा आला आणि सूनबाईंनी वेळ रद्द केली. 'बघा, उगाच घाबरता,' म्हणाली. आता नेमकं सांगा, कुठे बसला? कुठल्या गाण्यात?"

कुठलंही गाणं सांगितलं असतं तरी बाईंनी मान्य केलं असतं. त्यानं टेबलाला एक फेरी मारली, मग दुसरी. कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोनं मान वर केली.

"बसा," ती हळूच म्हणाली.

तो बसला. "बाई, मी मध्यंतरात निघून आलो होतो. उत्तरार्धाला माझ्या खुर्चीवर त्या दातवाल्यांचा कोट होता, खुलासाही त्यांनीच मागितला."



"म्हणजे ऐकणारं कुणीच नव्हतं," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी घरी या. मी गाते. सून समोर असेल. गळा अडेल तिथे हात वर करायचा."

"मीच कशाला?"

"आता तुम्ही खोटं बोलायला लाजाल."

दुसऱ्या दिवशी त्याला भिंतीकडेची खुर्ची मिळाली, दाराशी सूनबाई. बाईंनी सूर लावला. पुष्कळ वेळ सगळं सुरेख चाललं. त्याच्या पायाला मुंग्या आल्या. 'काय म्हटलं होतं?' अशा नजरेनं सूनबाई त्याच्याकडे पाहत होत्या. वर चढताना एके ठिकाणी सुराच्या आत नुसती हवा वाजली. इतकी थोडी, की सोडून द्यावी. दातवाल्यांनी सोडलीच होती.

त्यानं हात वर केला.

बाई थांबल्या. "इथेच ना? मलाही इथेच."

सूनबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. वेळ मागतानाचा त्यांचा दबका आवाज बाहेर येत होता.

"हात घ्या खाली," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या डॉक्टरांना कळवा, पहिला अर्थच बरोबर होता. कोटासकट लिहा."