खडकातली आंघोळ

पाथर्डीची गोजरबाई पहिल्यांदा समुद्र पाहायला गेली, ते साल एकाहत्तरचं. तिचा मुलगा मच्छिंद्र रत्नागिरी डेपोत एसटी ड्रायव्हर होता. सुट्टीच्या दिवशी तो आईवडिलांना जवळच्या एका कोळीवाड्यात घेऊन गेला. ओहोटी होती. काळ्या खडकांच्या मधे निळ्याशार पाण्याची कुंडं भरून राहिली होती.

जन्मभर दोन तांब्यांत आंघोळ उरकलेली गोजरबाई लुगड्यासकट कुंडात उतरली आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसली. काठावरून तिचा नवरा रखमाजी ओरडला, "अगं, खारं पानी हाय ते!"

"असू द्या की! प्यायचं थोडंच हाय?"

थोड्या वेळानं एक कोळीण धावत आली. "मावशी, वर ये! भरती लागली, पाणी येतंय!"

"आमच्याकडं पानी बोलावूनबी येत न्हाई," गोजरबाई म्हणाली, "हितं आपनहून येतंय, अन् मी उठून जाऊ व्हय?"

तेवढ्यात लाट आली आणि तिनं रखमाजीला थेट बायकोशेजारी नेऊन बसवलं. तो खोकला, त्यानं डोळे चोळले आणि हसत म्हणाला, "लई गार हाय गं!"

शेवटी मच्छिंद्रनं आणि कोळणीनं दोघांना ओढून बाहेर काढलं. गोजरबाई मात्र माहेराहून निघाल्यासारखी मागं वळून वळून पाहत होती.