साडेछत्तीसच्या वर

सिस्टरनं बाळ पुसलंच नाही. ओलंच उचललं, स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत मानेपर्यंत सरकवलं, डोक्यावर टोपी ओढली आणि तापलेल्या दिव्याखालच्या गादीवर ठेवून दिलं.

दाराच्या काचेतून, डॉक्टरांच्या पाठींमधून, मिस्त्रींना एवढंच दिसलं. खरं तर पिशवी तेवढी दिसली. त्यांनी भिंतीला हात लावला आणि तिथंच फरशीवर बसकण मारली.

आयुष्यभर त्यांनी लेथ मशीनवर लोखंड कातलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. सकाळी सूनबाईचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तदाब आभाळाला भिडला होता. साडेसातच महिने झाले होते, पण डॉक्टर म्हणाले, बाळ आत्ताच काढावं लागेल. मुलगा दूर समुद्रात, मालवाहू बोटीवर. बायको घरी, पायाला प्लास्टर. मग कागदावर सही मिस्त्रींनीच केली होती.

दार उघडून सिस्टर बाहेर आली. पन्नाशीची, चष्मा कपाळावर चढवलेली.

"आजोबा, खाली का बसलात?"

मिस्त्रींनी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"पिशवीत घातलंत," ते म्हणाले.

सिस्टर त्यांच्याकडे पाहत राहिली, मग तिच्या लक्षात आलं. ती चटकन त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"अहो, थंडी वाजू नये म्हणून! ओलं अंग उघडं राहिलं की एवढंसं बाळ बघता बघता गार पडतं. पिशवीत अंगातली ऊब टिकते. मुलगी आहे. चौदाशे ग्रॅम. श्वास स्वतःचा स्वतः घेतेय. रडली केवढ्यांदा, ऐकलं नाहीत?"

"ऐकलं नाही."

"आई पण ठीक आहे. उद्यापर्यंत तिला हलवायचं नाही, इतकंच."

मिस्त्रींनी रुमालानं मान पुसली. "थंडी काय, सगळ्यांनाच वाजते," ते उगाच म्हणाले.

"मोठं माणूस कुडकुडतं, पांघरूण मागतं. हिला कुडकुडताही येत नाही. आपल्यालाच कळायला पाहिजे."

ती निघून गेली. मिस्त्री बाकावर जाऊन बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली होती. शुद्धीवर आले तेव्हा पलंग खडखडत होता, आणि तो आपल्याच कुडकुडण्यानं खडखडतोय हे कळायला त्यांना वेळ लागला होता. तोंडात नळी, त्यामुळं सांगताही येईना. शेवटी कुणीतरी येऊन दोन ब्लँकेटं टाकली होती. हे त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

दुपारी दोनच्या सुमारास धावपळ उडाली. दुसऱ्या एका दवाखान्यातून आणखी एक बाळ आणलं होतं, याहूनही लहान. दिव्याच्या दोन गाद्या, दोन्ही भरलेल्या. सिस्टर पुन्हा बाहेर आली.

"आजोबा, मला एक छाती हवीय."

"काय?"

"तुमची नात आता बरी स्थिरावलीय. तिची गादी त्या बाळाला द्यावी लागतेय. हिला कुणाच्या तरी उघड्या छातीशी बांधून ठेवायचं. कातडीला कातडी लागली की बाळ छान तापतं. आईला आज जमणार नाही, बाप बोटीवर. उरलात तुम्ही."

"मी?" मिस्त्रींनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "सिस्टर, माझी छाती उघडून झालीय एकदा. बायपास. चांगली वीतभर खूण आहे."

"भरलीय ना जखम?"

"केव्हाच."

"मग चला. हात कोपरापर्यंत धुवा, अंगठी काढा. खोकला, सर्दी?"

"नाही."

"विडी?"

"बायपासनंतर सोडली."

"बायपासचे आभार."

त्यांना आरामखुर्चीत मागं रेलून बसवलं. शर्टाची बटणं त्यांनी एकेक करून सोडली. परक्या बाईसमोर असं उघडं बसायची वेळ कधी आली नव्हती. ते छताकडे पाहत राहिले. छताला एक पंखा होता, बंद. मग छातीवर काहीतरी ठेवलं गेलं. ओल्या, गार टॉवेलाएवढं वजन. सिस्टरनं त्याचे पाय बेडकासारखे दुमडले, मान एका बाजूला वळवली, भोवती रुंद पट्टा बांधला आणि वरून शर्ट व ब्लँकेट ओढलं.

"नाक मोकळं पाहिजे, हनुवटी छातीला टेकायला नको. तेवढं सांभाळा." तिनं बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला. "छत्तीस पॉइंट दोन."

"किती पाहिजे?"

"साडेछत्तीसच्या वर. साडेसदतीसपर्यंत."

"म्हणजे तीन पॉइंट बाहेर आहे," मिस्त्री म्हणाले. असं माप बाहेर गेलं की त्यांना कारखान्यातही जेवण जात नसे.

"येईल. तुम्ही फक्त बसा."

मिस्त्री बसले. पहिली दहा मिनिटं त्यांनी श्वाससुद्धा हिशेबानं घेतला. मग लक्षात आलं, आपला श्वास वर गेला की तीही वर जाते, खाली आला की खाली. खिशातला फोन थरथरला. सिस्टरनं तो काढून त्यांच्या कानाशी धरला.

"कुठं आहात? मघापासून फोन करतेय!" पलीकडून बायको कडाडली.

"हळू बोल. छातीशी आहे."

"कोण?"

"नात."

"तुमच्या? अहो, पोटचा पोरगा वर्षाचा होईस्तोवर हातात धरला नव्हतात! 'सांडेल' म्हणायचात."

"हिला बांधलीय," मिस्त्री म्हणाले. सिस्टर तोंडावर हात धरून खिडकीकडे वळली.

अर्ध्या तासानं छत्तीस पॉइंट चार. मिस्त्रींनी ब्लँकेटची कड बोटभर वर ओढली. डावा पाय बधिर झाला, पाठीला रग लागली, नाकाच्या शेंड्यावर खाज आली आणि तशीच निघून गेली. पुढच्या वेळी सिस्टरनं आकडा वाचलाच नाही, थर्मामीटर त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. छत्तीस पॉइंट सात.

"मापात बसली," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी त्या दुसऱ्या बाळाला मोठ्या दवाखान्यात हलवलं, रात्रीपुरती गादी मोकळी झाली. सकाळी सातला मिस्त्री हात धुऊन पुन्हा खुर्चीपाशी हजर होते, न बोलावता.

दहा वाजता चाकाच्या खुर्चीवरून सूनबाईला आणलं. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. दारातच तिनं पाहिलं: सासरे, उघड्या शर्टाचे, पट्ट्याच्या वर डोकावणारी गुलाबी खूण, आणि त्यांच्या गळ्याखाली एक टोपी. तीन वर्षांत त्या दोघांचं बोलणं 'पाणी ठेवलंय' आणि 'बरं' याच्या फार पुढं गेलं नव्हतं. मिस्त्रींचा हात शर्टाकडे गेला, पण झाकायचं कसं, तिथं बाळ होतं.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली.

आता तिची पाळी होती. सिस्टरनं पट्टा सोडला. छाती एकदम गार पडली तसे मिस्त्री पाठ वळवून घाईघाईनं बटणं लावायला लागले. मागं सूनबाईचा घाबरा आवाज आला.

"सिस्टर, मला नाही जमणार. किती छोटीशी आहे. दुखेल तिला."

"काही दुखत नाही," मिस्त्री भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "पाय बेडकासारखे दुमड. मान एका अंगाला. हनुवटी टेकू देऊ नको. आणि श्वास रोखू नको, आपला श्वास लागतो तिला. मीही काल रोखला होता. त्यानं काही होत नाही. उलट दमायला होतं."

"असं, बाबा?"

"सिस्टरला विचार. मला दिसत नाहीय इथून."

सिस्टर म्हणाली, "अगदी असंच."

थोड्या वेळानं सूनबाई हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटायला लागली. त्यांच्याशी नव्हे. मिस्त्री दार ओढून बाहेर आले.

बाहेर ऊन होतं. व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यांनी घरी फोन लावला.

"दिली आईकडे," ते म्हणाले. "पावणेसदतीस होतं शेवटचं."

"ते राहू द्या. दिसते कशी? कुणावर गेलीय?"

मिस्त्रींना वरून दिसणारी पिवळी टोपी आठवली, तिच्या विणीतला सुटलेला एक टाका आठवला. गळ्यापाशी लागणारा श्वास आठवला. बाकी काहीच आठवेना.

"बघितलं नाही," ते म्हणाले.

"बघितलं नाही? अहो, कालपासून दोन दिवस तिथं तुम्ही केलंत तरी काय?"

मिस्त्रींनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बसलो होतो," ते म्हणाले.