घट्ट हाताचे टाके

बाह्या विणून झाल्या होत्या, पुढचे दोन्ही भाग झाले होते, राहिली होती ती पाठ. आणि सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. ऑफिसातली तिची जागा नेमकी एसीच्या तोंडाखाली. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत दातावर दात. जुनं एकही जाकीट अंगात शिरायला तयार नव्हतं. म्हणून हे पातळ, सुती, पुढून बटणांचं कार्डिगन. बाळ झाल्यापासून स्वतःसाठी हाती घेतलेली ही पहिलीच गोष्ट. सोमवारी तिला तेच घालून जायचं होतं, बस्स.

पण बाळाला, म्हणजे ढब्बूला, सुया हातात घेतल्याचं कुठूनही कळायचं. चार टाके होतात न होतात तोच भोकाड. उचला, फिरवा, ठेवा, परत तेच. तरीही पाठ वाढत होती. तिला वाटलं, चला, आपला हात चांगलाच बसलाय.

शुक्रवारी तिने पाठ पलंगावर अंथरली आणि तिचं डोकंच फिरलं. खाली रुंद, मध्येच आवळलेली, वर परत रुंद. थेट डमरू. मधले टाके इतके गच्च, की त्यांत सुई शिरायची मारामार.

"आई, हे तुम्ही विणलंत?"

सासूबाई मटार सोलत होत्या. "तू त्याला आंघोळ घालतेस ना, तेव्हा चार-दोन ओळी. तेवढाच हातभार. आणि तुझं विणणं म्हणजे नुसती मच्छरदाणी गं. म्हटलं, जरा दाट करावं."

"उन्हाळ्याचं आहे ते. मच्छरदाणीच हवीय मला."

नवऱ्याने फोनमधून मान वर केली. "पण पाठ मागे असते ना? तुला थोडीच दिसणार आहे."

"तू गप्प बस," दोघी एकदमच म्हणाल्या.

तिने सुई काढली आणि धागा ओढला. सरसर ओळी उसवत गेल्या. सासूबाई तो धागा गुंडाळायला लागल्या.

"एक सांगू, आई? मला विणायला मदत नकोच होती. तुम्ही ढब्बूला तासभर घेतलंत तर मी अख्खं कार्डिगन दोनदा विणेन. पण मी त्याला घेऊन आले, की तुमच्या हातात काहीतरी असतंच. मटार, इस्त्री, नाहीतर माझ्याच सुया."

सासूबाईंनी गुंडाळणं थांबवलं नाही. "हात रिकामे दिसले की तू त्याला देतेस. आणि माझ्याकडे आला की तो श्वास कोंडेपर्यंत रडतो. सोमवारपासून दिवसभर मीच, याची भीतीच वाटते मला. तुझ्या नवऱ्याच्या वेळी घर माणसांनी भरलेलं होतं. मी एकटीनं कुठे सांभाळलंय त्याला?"

इतके दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, आमच्या आईंना काय, सवयच आहे. वैताग गेला नव्हता, पण आता तो नक्की कुणावर काढायचा ते तिला कळेना.

"मग आजपासूनच," ती म्हणाली. ढब्बूला त्यांच्या मांडीवर ठेवलं, सुया उचलल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं.

दुसऱ्याच ओळीला पलीकडे भोकाड सुरू झालं. भुकेचं नव्हतं, निव्वळ रागाचं. तिला ते फरक पाठ होते. तरी सुईवरून दोन टाके निसटले. ती उठली, दारापर्यंत गेली.

"उठली असशील तर खाली बस," रडण्याच्या वर आवाज चढवून सासूबाई म्हणाल्या. "सोमवारी काय ऑफिसातून धावत येणार आहेस? विण तू."

ती बसली. निसटलेले टाके सुईवर घेतले, आणि नाक ओढत, चरफडत, पुढच्या ओळीला लागली.