शुक्र म्हणजे पाच

दिग्रसच्या त्या गल्लीत आनंदीआनंद आहे असं आकड्यांनी सांगितलं, आणि अकीलाचा त्यावर विश्वास बसेना.

आरोग्यसेविकांची सकाळची बैठक होती. यवतमाळहून आलेल्या रुपाली मॅडमनी भिंतीवर पाहणीचा तक्ता लावला आणि कौतुकाने म्हणाल्या, "अकीलाताई, पाचपैकी चार पॉइंट सात! सगळ्या वस्त्यांत तुमची गल्ली सगळ्यात सुखी." बाकीच्या सेविकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपता संपता मॅडमनी पुढचं वाक्य टाकलं. जिथे आकडा चारच्या वर, तिथली गुरुवारची खोली बंद. समुपदेशक बाई पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या वस्तीत बसणार.

गुरुवारची खोली म्हणजे मदरशामागची दहा बाय दहाची जागा. तिथे ती बाई यायची, दार लोटून घ्यायची आणि समोरच्याचं ऐकायची. औषध नाही, गोळी नाही. वणीला कोळशाच्या ट्रकवर असलेला नलूबाईचा मुलगा दिवाळीत वारला, तेव्हापासून नलूबाईने केसांना फणी लावली नव्हती. आठ गुरुवार त्या खोलीत बसली आणि नवव्या गुरुवारी वेणी घालून आली. कुलूप उघडणाऱ्या अकीलाने ती वेणी पाहिली होती. आता तिथे कुलूपच राहणार?

"मॅडम, हे चुकलं हाये," अकीला म्हणाली.

"तुम्हीच तर भरलंय ना?"

भरलं होतं खरं. मोबाइलवर एकच प्रश्न होता, मागचा महिना कसा गेला. खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. अकीला चाळीस घरं फिरली होती. अर्ध्यांनी म्हटलं, "शुक्र हाये," म्हणजे देवाची कृपा. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी म्हटलं, "बरं हाये." अकीलाने शुक्र म्हटलं की पाच दाबलं, बरं म्हटलं की पाच. यादीत स्वतःच्या घरापुढे तर कुणाला विचारायलाही थांबली नव्हती, पाच दाबून मोकळी झाली होती. आता कुठल्या शहाण्याला सांगायचं की इथे घरात मयत असली तरी माणूस दारातल्या पाहुण्याला शुक्रच म्हणतो!

"दुरुस्ती असेल तर पाच वाजेपर्यंत करा," मॅडम म्हणाल्या. "पण उत्तर ज्याचं त्याच्या तोंडून हवं. तुमचा अंदाज चालणार नाही."

अकीला तडक गल्लीत आली. चप्पल एका पायातून निसटली तेवढी सरळ केली, डबा तसाच पिशवीत राहिला. पहिलं घर नलूबाईचं.

"जयभीम नलूबाई. कसं हाये?"

"बरं हाये वो. ये, बस. च्या मांडतो."

"च्या नको. खरं सांगा, कसं हाये?"

"सांगतलं ना, बरं हाये."

अकीलाला स्वतःचंच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. नलूबाई तांदूळ निवडता निवडता पुढे म्हणाली, "माह्यं सोड. त्या धर्मपालच्या मायचं पाह्य. तिले झोपच नाई. रातभर आंगनात फिरत राह्यते बिचारी."

अकीलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपलं दुखणं झाकणारी ही गल्ली शेजारणीचं दुखणं मात्र तारीखवार सांगत होती! ती धावतच धर्मपालच्या आईकडे गेली.

"माय, नलूबाई म्हनते तुमाले झोप नाई."

"तिले कोनं सांगतलं?" म्हातारी आधी फणकारली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "नाई लागत बाप्पा. सहा महिने झाले. दाब तुह्या त्या मोबाइलवर." आणि अकीला उठायच्या आत तिने विचारलं, "अन् नलूचं लिवलं का? थे अजून दोन ताटं वाढते."

अकीला परत नलूबाईच्या दारात. दोन ताटांचं नाव काढताच नलूबाईचे हात तांदळातच थांबले. तिने तांदूळ बाजूला सारले. मग चेहऱ्यांकडे बोट करून म्हणाली, "थो पयला दाब. रडका."

त्यानंतर अकीलाला उसंत नव्हती. या घराचं त्या घराला विचारायचं, मग त्या घरात जाऊन दार लोटून घ्यायचं आणि त्याच्याच तोंडून वदवायचं. कुणी शिव्या घातल्या. लालीबाईने तर "कोन भवानी सांगून आली वो?" म्हणत झाडू उचलला आणि मग तोच झाडू मांडीवर ठेवून डोळ्यांना पदर लावला. पंचवीसएक घरं झाली, पण त्यातल्या निम्म्यांनीच चेहरा बदलला. भूक लागून मेली होती. घड्याळात पावणेपाच वाजले होते आणि आकडा अजून चारच्या जरासा वर अडला होता.

नसरीन आपाच्या दारात तिने श्वास टाकला. "आपा, लवकर. शेजारच्या घराचं कसं हाये?"

नसरीन आपा तिच्याकडे बघतच राहिली. "कोन्त्या शेजारच्या?"

"हे काय, भिंतीपलीकडचं," अकीला मोबाइलमधल्या यादीतला पुढचा घरनंबर बघत म्हणाली.

"सांगू? रोज डाळ करपल्याचा वास येते तिकडून. तीन महिने झाले. पयले शेजारीन गाणं म्हनत भांडे घासे, आता आवाज नाई. तिचा पोरगा रिजवान वणीले गॅरेजात कामाले गेला. दर जुम्म्याले येत जाये, आता फोनवर नुसतं काम हाये म्हनते. अन् हे बाई सगळ्या गल्लीले इचारून राह्यली कसं हाये म्हनून."

अकीलाने मान वर केली. भिंतीपलीकडे तिचंच घर होतं. घाईघाईत तिला ते सुचलंच नव्हतं. तिला राग आला, लाज वाटली आणि मग ती नसरीन आपाच्या ओट्यावर बसली. आपाने पाणी आणून दिलं. अकीलाने ते सगळं प्यायलं, मोबाइलमध्ये स्वतःचं घर काढलं आणि बोट ठेवलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी रुपाली मॅडमचा फोन आला.

"अकीलाताई, यादी आली. आकडा चारच्या खाली गेलाय. पण तुमच्या स्वतःच्या घरापुढे एक दिसतोय. चुकून दाबला गेला का?"

"नाई मॅडम. पाच चुकून दाबलं गेल्तं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग मॅडमनी विचारलं, "गुरुवारी खोलीवर किती वाजता येता तुम्ही?"

"दहाले. कुलूप मीच उघडतो ना."

"उघडायला नाही, अकीलाताई. बसायला."

अकीलाच्या तोंडात सवयीने शुक्र हाये आलं होतं. तिने ते गिळलं.

"नलूबाई झाली का मंग मी बसतो," ती म्हणाली.