बळवंतरावांच्या छातीची पपई

बळवंतरावांना हृदयाची काळजी नव्हती. कोयलीच्या रिफायनरीत त्यांची उभी नोकरी पाइपलाइनींच्या देखभालीत गेलेली. त्यामुळे अँजिओग्राफीनंतर डॉक्टर म्हणाले, तीन ठिकाणी अडथळा आहे, बायपास करावा लागेल, तेव्हा ते समजूतदारपणे मान डोलावत राहिले. तुंबलेल्या लाइनीला बगल देऊन दुसरी लाइन टाकायची, त्यात घाबरण्यासारखं काय? डॉक्टरांना त्यांनी एकदोन सूचनाही केल्या. चेहरा पडला तो पुढच्या वाक्याला.

"त्यासाठी छाती मधोमध उघडावी लागते," डॉक्टर म्हणाले.

"छाती?" बळवंतराव म्हणाले. "दुसरीकडून नाही का जाता येणार?"

शेजारी म्हणून मी बरोबर गेलो होतो. परतताना रिक्षात त्यांनी छातीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "रमाकांत, हृदय कुणी बघितलंय हो? छाती सगळ्या बडोद्याने बघितली आहे."

यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. तरुणपणी ते आखाड्यात मल्लखांब करायचे आणि गणपतीच्या मिरवणुकीत उघड्या अंगाने मनोरे रचायचे. रावपुऱ्यातल्या गच्च्या त्यासाठी भरत, असं ते सांगतात. गच्च्या गणपतीसाठी भरत असतील अशी शंका आम्ही कोणी काढत नाही. त्या छातीचा पुरावा म्हणाल तर एकच फोटो आहे. त्यात बळवंतराव मनोऱ्याच्या तळाला ताठ उभे आहेत आणि त्यांच्या खांद्यावर बसलेल्या तुकोजीरावांचे दोन्ही पाय बरोबर छातीवर लोंबताहेत. तुकोजीरावांचे पाय मात्र फार छान आलेत.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. त्याआधी ती छाती, अखंड असताना, एकदा कागदावर उतरली पाहिजे असं बळवंतरावांनी मनाशी पक्कं केलं. मी म्हटलं, मोबाइलवर फोटो काढतो, आत्ता, बाल्कनीत.

"फोटोत पोट येतं," ते म्हणाले. "चित्रकाराला थोडी तरी लाज असते. तुमच्या त्या रविवारच्या क्लासात माणसं काढतात ना?"

काढतात. दांडिया बाजारात एका औषधाच्या दुकानावर कौमुदीचा वर्ग भरतो. मुलगी इथल्याच चित्रकलेच्या कॉलेजातून तयार झालेली, तिशीतली, आवाजाने मऊ आणि खडूने कडक. शिकणाऱ्यांत प्रवेशपरीक्षेची मुलं, नंदेसरीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करणारा हार्दिक आणि वेळ जात नाही म्हणून आलेला मी. मॉडेल म्हणून समोर बसायला करजणहून एक काका येत. त्यांच्या घरी लग्न निघालं आणि ते येईनात. म्हणजे जागा रिकामी होती. बळवंतरावांना यात ईश्वरी संकेत दिसला. घरी मात्र त्यांनी आखाड्याची मीटिंग आहे असं सांगितलं, कारण जिने चढायची मनाई होती आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता.

आम्ही तो जिना प्रत्येक वळणावर थांबत, भिंतीवरच्या जाहिराती वाचत चढलो. वर पोचल्यावर बळवंतरावांनी शर्ट काढून माझ्याकडे दिला. त्याच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या, म्हणून मी तो पूर्ण वेळ मांडीवर घेऊन बसलो. वर्गात ऑपरेशनाबद्दल बोलायचं नाही अशी मला ताकीद होती. दयेने काढलेली छाती त्यांना नको होती.

ते स्टुलावर बसले आणि त्यांनी छाती काढली. म्हणजे आखाड्यात काढतात तशी, खांदे मागे, पोट आत, श्वास कोंडून.

"वा काका," कौमुदी म्हणाली आणि मुलांकडे वळली. "आज आपण धड सोपं करायचंय. बघा, बरगड्यांची पपई. कमरेचा डबा. मध्ये उशी. बास."

"पपई?" कोंडलेल्या श्वासातला थोडा वाया घालवत बळवंतराव म्हणाले.

याला इतिहास आहे. जगभर बरगड्यांचा पिंजरा अंड्याच्या आकाराने दाखवतात. कौमुदीनेही सुरुवातीला तेच केलं. तेव्हा हार्दिक उठून म्हणाला, "मॅडम, ईंडु नको. माझी बा वही बघते." कौमुदीने अंड्याचा बटाटा केला. त्यावर शाह आडनावाची एक मुलगी हळूच म्हणाली की आमच्याकडे बटाटाही चालत नाही. शेवटी सर्वानुमते पपई आली. ती वर निमुळती, खाली रुंद, बरगड्यांना अंड्यापेक्षा जवळची निघाली. कमरेचा ठोकळा होता त्याचा फरसाणाचा डबा आपोआप झाला, त्याला कुणाचीच हरकत नव्हती. बडोद्यात शरीरशास्त्र हे असं, सगळ्यांच्या ताटाला चालेल तेवढंच.

"उलटी नाही हं काका," कौमुदी म्हणाली. "झाडाला लटकते तशीच."

"पण स्नायू?"

"ते चौथ्या महिन्यात."

बळवंतरावांकडे गुरुवारपर्यंतचा वेळ होता. ते म्हणाले, "चौथ्या महिन्याचा धडा आज घेतला तर?"

"काका, आकार पक्का नसताना स्नायू काढले ना, तर पोत्यात कांदे भरल्यासारखे दिसतात. आधी पपई कुठे कलली, डबा कुठे कलला, ते कळायला हवं. आणि तुमचं तर काहीच कललेलं नाही. दोन्ही सरळ रेषेत. श्वास सोडा बघू."

"सोडला की जातं सगळं," बळवंतराव म्हणाले.

"काका, छोडो ने," हार्दिक काकुळतीला आला. "तुमाला बघून मलाच श्वास घेता येत नाय."

मी त्यांच्या ओठांच्या रंगावर नजर ठेवून होतो. माझा कागद कोरा होता, पण मांडीवरचा खिसा मी दोनदा चाचपला. बळवंतराव श्वास सोडत, चोरून घेत, पुन्हा कोंडत. मुलांच्या कागदांवर पपया एकावर एक गिरवल्या जात होत्या, कारण प्रत्येक वेळी ती वरखाली होत होती. शेवटी कौमुदीने हात वर केले आणि चहा मागवला.

चहा आला. बळवंतरावांनी कप घेतला, खाली बघितलं आणि फुंकर मारली. माणूस श्वास कोंडून चहावर फुंकर मारू शकत नाही. खांदे उतरले, पाठ वाकली, पपई पुढे झुकली, डबा मागे रेलला आणि दोघांच्या मध्ये ती उशी एका बाजूला चेपून दुसऱ्या बाजूला आरामात पसरली.

"हलू नका!" कौमुदी ओरडली. एवढ्या मोठ्याने तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

बळवंतराव दचकून तसेच राहिले. खोलीत फक्त कागदांवर कोळशाच्या कांड्यांची करकर. चहावर साय धरली तेव्हा कौमुदीने "झालं" म्हटलं आणि सगळे कागद भिंतीला लावले. बळवंतराव उठून एकेका कागदासमोर उभे राहिले. एकाही कागदावर चेहरा नव्हता. वाकलेल्या पपया, रेललेले डबे. हार्दिकची पपई सगळ्यांत मोकळी होती, तीनचार रेषांत काढलेली.

"हा मी नाही," बळवंतराव म्हणाले. आवाज लहान झाला होता. "एखादा पेन्शनर दिसतोय कुणीतरी."

ते पेन्शनर आहेत याची आठवण करून देण्याची ती वेळ नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात बळवंतरावांच्या पत्नी, चारुलतावहिनी उभ्या राहिल्या. आखाड्याची मीटिंग नाहीच हे त्यांना कळलं होतं, कारण तुकोजीराव भाजीबाजारात भेटले होते, आणि त्यांनी आम्हाला हा जिना चढताना पाहिलं होतं.

"अहो!" त्या म्हणाल्या. "गुरुवारी छातीचं ऑपरेशन, आणि हे इथे उघडेबंब! दोन मजले चढलात? आणि भावजी, तुम्ही? तुम्ही यांचे शर्ट सांभाळता?"

मी शर्ट पुढे केला.

वर्गातल्या सगळ्यांच्या माना बळवंतरावांकडे वळल्या. कौमुदीचा खडू खाली आला. स्नायूंचा आग्रह कशासाठी होता ते तिला आत्ता कळलं. ती म्हणाली, "काका, बसा. मी काढते. तुम्हाला हवी तशी."

"दया नको," बळवंतराव म्हणाले, आणि शर्ट घालायचा सोडून लगेच बसले.

तिने काढली. वहिनी पदराने वारा घेत उभ्या राहिल्या. पंधराएक मिनिटांत कागदावर अशी छाती उभी राहिली की काय सांगावं. दोन्ही बाजूंना ढालीसारखे स्नायू, बरगड्यांवरून उतरणाऱ्या पट्ट्या, पोटावर बिस्किटांसारखे चौकोन. बळवंतरावांनी कागद दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण त्यांनी बाजारातल्या धुळीची तक्रार केली. मग तो कागद वहिनींपुढे धरला.

वहिनींनी चष्मा लावून मनापासून बघितला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कोण आहे हा?"

कुणी हसलं नाही. हसू नये म्हणून हार्दिक खिडकीबाहेर बघू लागला. वहिनी भिंतीकडे वळल्या आणि चेहरा नसलेल्या त्या सगळ्या कागदांवरून नजर फिरवून सरळ हार्दिकच्या पपईपाशी थांबल्या.

"हे आमचे," त्या म्हणाल्या. "सकाळी मी दूध आणायला सांगितलं की असेच बसतात. ऐकूच आलं नाही, असे. हे घेऊ का रे बाळा?"

"लई जाओ ने काकी," हार्दिक म्हणाला. आयुष्यातलं त्याचं हे पहिलं खपलेलं चित्र.

त्या रविवारी एका रिक्षातून दोन चित्रं घरी गेली. वहिनींचं स्वयंपाकघरात लागलं. बळवंतरावांचं गुंडाळी होऊन गुरुवारी दवाखान्यात गेलं. हातात कापायला काय आलंय हे सर्जनला आधी कळावं, एवढाच हेतू. सर्जन तरुण आणि सभ्य होते. "वा," म्हणाले, कागद उलटा केला आणि ऑपरेशन समजावून देण्यासाठी कोऱ्या बाजूवर पेनने एक आकार काढला. वर निमुळता, खाली रुंद.

बळवंतरावांनी माझ्याकडे बघितलं. "हाही कौमुदीकडेच शिकला काय?"

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नवी लाइन वाहती झाली. पण बळवंतराव गप्प झाले. गळ्यापर्यंत बटणं लावू लागले. आंघोळीनंतर पूर्वी गॅलरीत उघड्या अंगाने पेपर वाचायचे, ते बंद झालं. आखाड्याच्या खऱ्या मीटिंगलाही गेले नाहीत. "आता काय," एवढंच म्हणायचे. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, हृदय दुरुस्त झालं, पण हे काही परत आले नाहीत. कुठेतरी घेऊन जा हो यांना." जिने चढायची परवानगी मिळालीच होती. उत्तरायणाची पतंगबाजी होऊन गेल्यावर एका रविवारी मी त्यांना वर्गात नेलं, नुसतं बसायला. ते मागच्या बाकावर मफलर गुंडाळून बसले.

कौमुदीचा त्या दिवशी संताप झाला होता. धडा मधल्या रेषेचा होता. गळ्याच्या खळगीपासून छातीच्या मधून बेंबीपर्यंत एक रेष जाते असं धरायचं. माणूस वळला की ती रेषही पपईच्या गोलाईवरून वळते आणि त्यावरून धड कुठे बघतंय ते कळतं. पण ही रेष खऱ्या माणसावर दिसत नाही. करजणचे काका लग्न उरकून परत आले होते आणि तिरके बसले होते, आणि अख्खा वर्ग त्यांच्या पपईच्या ऐन मध्यावर फूटपट्टीने आखल्यासारखी रेष मारत होता.

"अरे, ते वळलेत ना!" कौमुदी म्हणत होती. "मग रेष नाही का वळणार?"

"पण मॅडम, ती दिसत नाय," हार्दिक म्हणाला. "नाय दिसत ते कसं काढणार?"

"कल्पना करा!"

सगळ्यांनी कल्पना केली आणि पुन्हा सरळ रेष मारली.

बळवंतराव अस्वस्थ झाले. आखाड्यात त्यांनी कित्येक वर्षं पोरांना शिकवलं होतं, आणि डोळ्यांसमोर चुकीचं चालू असताना हात बांधून बसणं त्यांच्या अंगात नाही. एकदा खोकले. एकदा मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग उठले. पुढे गेले. करजणच्या काकांना म्हणाले, "जरा सरका हो," आणि स्टुलावर बसून बटणं काढू लागले. ती निघायला बराच वेळ लागला, कारण ती गळ्यापर्यंत लावलेली होती आणि कुणी मदतीला जायला धजावत नव्हतं.

शर्ट उघडला. गळ्याखालून ती रेष निघाली होती, गुलाबी, थोडी उंचावलेली, सरळ खाली. बळवंतराव पाऊण वळले. रेषही त्यांच्याबरोबर वळली आणि छातीच्या गोलाईवरून एका कडेला गेली.

"अरे!" हार्दिक म्हणाला. "काका, आ तो रेडीमेड छे!"

शाह मुलीने त्याच्या पाठीत एक रट्टा दिला. बळवंतराव हार्दिककडे वळले.

"बघतोस काय?" मग ते म्हणाले. "काढ. आणि फूटपट्टी आत टाक आधी. डॉक्टरांनी तरी कुठे लावली होती?"

सगळे वाकून कामाला लागले. बळवंतराव डावीकडे वळत, उजवीकडे वळत, मागे रेलत, आणि कौमुदी फळ्यावर काही न लिहिता नुसती त्यांच्याकडे बोट दाखवत होती. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाची रेष बरोबर आली. माझीसुद्धा. करजणचे काका एका बाजूला उभे राहून हे सगळं पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर धंद्यात नवा माणूस उतरल्याची चिंता स्पष्ट दिसत होती.

"काका, पुढच्या रविवारी याल?" कौमुदीने विचारलं.

"बघतो," बळवंतराव म्हणाले. "बऱ्याच ठिकाणी जायचं असतं."

मग त्यांनी खालून वर बटणं लावायला घेतली. थंडी होती, खाली बाजार भरला होता आणि मी मफलर पुढे धरला होता. तो त्यांनी घेतला नाही. वरची दोन बटणं उघडी ठेवली आणि जिना उतरू लागले.